लोहगडावर मुलांसाठी ‘शिवकालीन दिवस’: खाली काय करायचं, वर काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीतली सोळा कुटुंबं डिसेंबरात एक दिवस लोहगडावर काढणार आहेत. मुलं चार ते तेरा वर्षांची, सोबत चार-पाच आजी-आजोबा. मुलांनी नुसतं बघत फिरू नये, हातांनी काहीतरी करावं. म्हणून पोशाख, तलवारबाजी, चुलीवरचा स्वयंपाक, मोडी लिपी आणि दगडी भिंत बांधणं, हे सगळं गडावर मांडायचं आहे. ते कसं आखावं?

गेली चौदा वर्षं मी गडसहली घेते आहे, सुरुवातीला शाळांच्या आणि नंतर कुटुंबांच्या. लोहगडावर किती वेळा गेले ते आता मोजत नाही. त्या अनुभवातून लिहिते. तुमची यादी चांगली आहे. माझं म्हणणं फक्त जागांबद्दल आणि क्रमाबद्दल आहे.

आधी खरी अडचण सांगते. पडका गड मुलांना दिसत नाही. आपल्याला उघडी जोती दिसली की आपण मनातल्या मनात त्यावर भिंती उभ्या करतो, छप्पर घालतो, सदरेवर माणसं बसवतो. आपण लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टी मदतीला येतात. सहा वर्षांच्या मुलाजवळ तो साठा नसतो. त्याला दगड दिसतात, माकडं दिसतात, दरी दिसते. मग मुलं कंटाळतात आणि तो कंटाळा झाकायला आपण गडावर करमणूक नेतो. माझ्या पहिल्या कुटुंबसहलीत मी हेच केलं होतं. पायथ्याला सात कोपरे मांडले होते, प्रत्येक कोपऱ्याशी रांग. ते आटपून चढायला लागलो तेव्हा एक वाजून गेला होता. महादरवाज्यातून मुलं मान खाली घालून गेली, कुणी वर पाहिलंही नाही. उतरल्यावर एका मुलीला विचारलं, गडावर काय होतं गं? ती म्हणाली, ऊन. ते मला फार लागलं. हाताला काम भरपूर दिलं होतं, पण त्या कामाचा गडाशी धागाच जोडला नव्हता.

तेव्हापासून मी प्रत्येक उपक्रमाला एकच कसोटी लावते. हे आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तितकंच चांगलं होईल का? होत असेल तर त्यासाठी गड चढायचा नाही. ते पायथ्याला किंवा घरी करायचं, आणि अशा वेळी करायचं की त्यामुळे वरचा एखादा दगड मुलाला वाचता येईल. गडावर फक्त गडच करून पाहायचा.

या विभागणीला कायद्याचंही कारण आहे. लोहगड हे केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. २०२५ साली ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतला तो एक. संरक्षित स्मारकात स्वयंपाक करता येत नाही, ठरवून दिलेल्या जागेशिवाय खाताही येत नाही, आणि समारंभ किंवा करमणुकीचा कार्यक्रम करायचा तर आधी लेखी परवानगी लागते. वास्तूचं नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे चूल, भिंत आणि तलवारबाजी वर नको हे आपोआप ठरतं. नुसतं पायी फिरणं, पाहणं, मोजणं, वहीत काढणं याला कुणाची हरकत नसते. तरीही पन्नास-साठ जणांचा गट नेताना मी पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयाला आधी पत्र देते आणि पायथ्याच्या गावातही कळवून ठेवते. तुम्हीही तसं करा.

आता पायथ्याचं काम. लोहगडवाडीपर्यंत गाडी जाते. तिथल्या एखाद्या घराचं अंगण आणि शेजारचं मोकळं शेत दिवसभरासाठी ठरवून घ्या. जेवणही त्याच घरी सांगा. पैसा गावात राहतो आणि चूल, जातं, पाटा-वरवंटा हे सगळं खरं मिळतं, नाटकातलं नाही.

सकाळी चढण्याआधी फक्त एकच काम: जातं. मुठीने नाचणी टाकायची आणि दोघांनी समोरासमोर बसून खुंटा फिरवायचा. पहिली पाच मिनिटं मुलांना मजा वाटते, सातव्या मिनिटाला खांदा बोलू लागतो. वीस-पंचवीस मिनिटांनी परातीत जेवढं पीठ पडतं ते पाहून मोठी माणसंही गप्प होतात. एका वेळच्या भाकरीला पुरेल एवढंही ते नसतं. ही गप्प होण्याची वेळ मला हवी असते, कारण तासाभराने आम्ही नारायण दरवाज्याशी पोचणार असतो. तिथल्या भुयारात भात आणि नाचणी साठवत. एरवी मुलं त्या अंधाऱ्या जागेत डोकावून पुढे पळतात. हात दुखत असताना मात्र ती थांबतात. मागच्या वर्षी आठ वर्षांच्या एका मुलाने तिथे विचारलं, “मग इथल्या सगळ्यांचं पीठ रोज कोण दळायचं?” गडावर शिपाई होते हे सगळ्यांना माहीत असतं. दळणारे हात होते, पाणी वाहणारे खांदे होते, हे त्याला आपलं आपल्यालाच सुचलं.

भिंतीचं काम मुद्दाम दुपारी, उतरल्यावर ठेवा. आधी तटबंदी पाहिलेली असली की मुलांच्या हातात प्रश्न असतो. शेतातले सैल दगड वापरा, पण ते शेतमालकाला विचारून, आणि गडावरचा एक खडाही खाली आणायचा नाही. चार-पाच जणांचा गट, गुडघ्याएवढी उंची, दीड-दोन हात लांबी, चुना नाही. तीन गोष्टी सांगायच्या: मोठे दगड तळाला, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, आणि डुगडुगणाऱ्या दगडाखाली चीप बसवायची. शेवटी बाबांनी तळवा टेकवून हलकेच ढकलून बघायचं. पहिली भिंत बहुतेक वेळा पडते. ती पडू द्या, तुम्ही सावरू नका. दुसऱ्यांदा रचताना मुलं दगड उचलून फिरवून बघायला लागतात, त्याचं तोंड कोणत्या बाजूला आहे ते शोधतात. गवंडी काय करतो ते त्यांना तेव्हा कळतं. एकच खबरदारी: दगड उलटण्याआधी काठीने हलवायचा. डिसेंबरातही दगडाखाली विंचू असतो.

चुन्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो. त्याचा एक शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. मुलांसमोर चुना विझवू नका. आधीच मुरवलेला चुना आणून, हातमोजे घालून, वाळू आणि विटेची भुकटी मिसळून दाखवता येतं. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचीही जुनी रीत आहे. तेही दहा वर्षांच्या पुढच्या मुलांनाच. लहानांच्या वाटेला चिखल पुरेसा आहे.

मोडी दुपारच्या शेवटी ठेवा, सगळे दमलेले असताना. बोरू, शाई आणि जाड कागद. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ मारून घेतात आणि मग हात न उचलता अक्षरं तिच्याखाली टांगत जातात. मुलांना हे फार आवडतं. पूर्ण मुळाक्षरं शिकवायला बसू नका. प्रत्येकाचं नाव मोडीत आधी लिहून तयार ठेवा, ते त्याने गिरवायचं आणि मग स्वतः लिहायचं. त्याचा वापर कुठे होतो ते पुढे सांगते.

तलवारबाजीबाबत माझं मत स्पष्ट आहे. दांडपट्टा हे लवचिक पात्याचं खरं शस्त्र आहे. तो चालवणारा शिकलेला माणूस मिळाला तर पायथ्याच्या मैदानात, दोरी बांधून, लांबून बघायचा. मुलांच्या हाती द्यायची ती वेताची काठी, आणि शिकवायचा तो पायांचा पवित्रा. प्लास्टिकच्या तलवारी कृपा करून आणू नका. त्या हाती आल्या की मुलं दिवसभर दुसरं काही पाहत नाहीत, आणि गडाच्या पायऱ्यांवर एकमेकांना ढकलाढकली सुरू होते. पोशाखही भाड्याने आणू नका. सुती कापडाचा लांब पट्टा प्रत्येक घरातून आणायला सांगा आणि मुंडासं बांधायला शिकवा. ते चढताना उन्हाला उपयोगी पडतं, घाम पुसायला कामी येतं, आणि लागलं तर बोटाला पट्टी म्हणून फाडता येतं. पोशाखामागचं कारण मुलांना अंगावर कळतं.

आता वर.

चढण्याआधी मुलांना कामं वाटून द्या, आणि ती कामं खरीखुरी असू द्या. गडाचा कारभार पाहणाऱ्यांत हवालदार, सबनीस आणि कारखानीस असत. ढोबळमानाने हवालदार गडाचा प्रमुख, सबनीस हजेरी आणि हिशेब ठेवणारा, कारखानीस धान्य-सामानाचा कोठावळा. माझ्या प्रत्येक गटात हे तिघे असतात. प्रत्येक दरवाज्यात हवालदार माणसं मोजतो आणि सगळी आल्याशिवाय पुढे सोडत नाही. सबनीस आकडा वहीत टिपतो. कारखानीस पाणी आणि खाऊ बघतो. माणूस मागे राहू नये यासाठी मला एरवी जे काम करावं लागलं असतं ते मुलं माझ्यापेक्षा कडक करतात. दुपारी हीच हजेरी मोडीत लिहायची. म्हणजे मोडीलाही कारण मिळतं. बारा ते चौदा जणांहून मोठा गट करू नका. सोळा कुटुंबांचे चार-पाच गट करा आणि दहा-दहा मिनिटांच्या अंतराने सोडा.

लोहगडाचं प्रवेशद्वार हा मुलांसाठी सगळ्यात मोठा खजिना आहे. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे नागमोडी वाटेवर एकामागून एक येतात. इथे घाई करू नका, तास गेला तरी चालेल. अर्धा गट पुढे जाऊन वरच्या तटाच्या आतल्या, सुरक्षित बाजूला थांबतो. उरलेले ‘शत्रू’ म्हणून सावकाश चढतात. वरच्यांनी मोजायचं: खालचे किती वेळ आपल्या नजरेखाली आहेत? खालच्यांनी बघायचं: पुढचा दरवाजा आपल्याला कधी दिसतो? दोन्ही उत्तरं जुळवली की मुलं हादरतात. चढणाऱ्याला पुढचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि वरच्याला चढणारा जवळजवळ सतत दिसतो. मग विचारा, हत्तीला धडक द्यायला पळत यायला जागा कुठे आहे? मुलं स्वतः वळणावर पावलं मोजून सांगतात, नाही. पुस्तकातलं ‘वळणदार प्रवेशद्वार’ त्यांच्या पायांना कळलेलं असतं. दरवाज्याच्या आत अडसर सरकवायची खोबण शोधायला लावा, देवड्यांत पहारेकऱ्यासारखं बसून बघू द्या, जंग्यांतून, म्हणजे तटातून मारा करायला ठेवलेल्या भोकांतून, काय दिसतं ते वहीत काढू द्या. कुठल्याही भोकात किंवा कपारीत हात घालायचा नाही, आधी विजेरी मारायची. हा नियम मी चढण्याआधी तीनदा म्हणवून घेते.

माथ्यावर गेल्यावर सगळं दाखवायच्या फंदात पडू नका. मी एकच विषय घेते, पाणी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतीच्या ग्रंथात गडांबद्दल जे सांगितलं आहे त्यात पाणी फार वरच्या जागी आहे. आधी पाणी पाहावं आणि मग गड बांधावा. झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात. म्हणून राखीव टाकी ठेवावी आणि त्यांतलं पाणी खर्चू नये. हे मुलांना उभ्याउभ्या सांगायचं आणि मग टाक्याशी न्यायचं.

टाक्याच्या काठापासून दोन हात लांब राहून कडेने पावलं मोजायची. समजा लांबी दहा मीटर, रुंदी सहा, खोली तीन धरली. म्हणजे १८० घनमीटर, म्हणजे १,८०,००० लिटर. माणशी पिण्या-रांधण्यापुरतं दिवसाला पाच लिटर धरलं तर शंभर माणसांना रोज ५०० लिटर. ३६० दिवस पुरतं. मुलं टाळ्या वाजवतात. मग एकेक गोष्ट वजा करायला लागा: उन्हाने उडणारं पाणी, जनावरं, धुणी, गाळ. दिवस भराभर कमी होत जातात. शेवटी कुणीतरी स्वतःच्या पाठपिशवीतली बाटली काढून पाहतं, त्यात किती उरलंय. म्हणूनच मी प्रत्येक मुलाला त्याचं पाणी त्यालाच वाहायला लावते, दहा वर्षांवरच्यांना दोन लिटर. आई-बाबांनी ते ओझं घेतलं तर हा सगळा हिशेब कागदावरच राहतो.

मग नाना फडणविसांनी बांधलेलं सोळा कोनांचं तळं दाखवा. इथे आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावी लागते. तुम्ही दिवसाला ‘शिवकालीन’ म्हणता आहात, पण हा गड एका काळाचा नाही. शेजारची भाजे लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली. गड महाराजांकडे आला १६४८ साली, पुरंदरच्या तहात १६६५ ला मोगलांना द्यावा लागला, १६७० ला परत घेतला. पुढे १७१३ मध्ये कान्होजी आंग्र्यांनी खुद्द पेशवा बहिरोपंत पिंगळ्यांना पकडून इथेच कैदेत ठेवलं होतं. नानांची बांधकामं त्यानंतरची, आणि १८१८ ला इंग्रज आले. “हे सगळं महाराजांनी बांधलं” असं सांगून टाकणं सोपं असतं. माझा अनुभव असा की खरं सांगितलं तर मुलांचा आदर कमी होत नाही, उलट ती दगडांतले फरक शोधायला लागतात. कुठला दगड घडीव, कुठला ओबडधोबड, कुठे चुना दिसतो, कुठे नाही. दुपारच्या भिंतीची तयारी तिथेच सुरू होते.

विंचूकाट्याकडे जायचा मोह सगळ्यांना होतो. दीड किलोमीटरच्या आसपास लांब आणि अरुंद अशी ती सोंड आहे, आणि तिच्यावर जायला कातळाचा छोटा टप्पा उतरावा लागतो. लहान मुलांना तिकडे नेऊ नका. वरून पाहिली की पुरते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. डिसेंबर चांगला निवडलात. मार्चनंतर हीच आखणी चालणार नाही, उन्हामुळे साडेदहाला खाली यावं लागेल. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर इतकी गर्दी असते की मी मुलांना नेतच नाही. शक्य असेल तर तुम्हीही आठवड्यातला मधला दिवस घ्या. चार-पाच वर्षांची मुलं बहुतेक वेळा महादरवाज्यापर्यंत आनंदाने येतात आणि मग कडेवर बसतात. तुमच्यात अशी तीनहून जास्त असतील तर त्यांचा वेगळा गट करून दरवाज्यांपर्यंतच न्या. तेवढ्यात त्यांचा गड पूर्ण होतो.

आग्या मधमाश्यांचा धोका कुठल्याही गडावर असतो. अत्तर, सुवासिक फवारे नकोत, धूर नको, आरडाओरडा नको, पोळ्याच्या दिशेने दगड तर नाहीच. पोळं दिसलं की मी वाट बदलते, मग कार्यक्रमातलं काहीही गळालं तरी चालेल. गटात कुणाला डंखाची तीव्र ॲलर्जी असेल तर ते आधी विचारून ठेवा.

ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्या आजी-आजोबांना “तुम्ही गाडीत बसा” असं म्हणायची वेळ आणू नका. एका सहलीत एक आजी अशाच खाली राहिल्या होत्या. आम्ही उतरलो तेव्हा त्या यजमान घरच्या आजींबरोबर जात्यावर बसून ओव्या म्हणत होत्या. मुलं बूट न काढता अंगणात थबकली. तेव्हापासून खालचा गटही मी ठरवूनच आखते. दळण, भाजी निवडणं, भाकऱ्या थापणं, जमतील त्यांनी ओव्या म्हणणं. वरून आलेल्या मुलांना ते जेवण “तुम्ही दळलेल्या पिठाचं” म्हणून हे आजी-आजोबाच वाढतात, आपल्या थोड्या पिठात गावचं पीठ मिसळलेलं असतं हे सांगूनच. ताटात बटाटा-टोमॅटो ठेवू नका, आणि का नाही ते मुलांना ओळखू द्या. ते दोन्ही अमेरिकेतून आले. मिरचीही तिकडचीच, पोर्तुगीजांबरोबर आलेली. यावर जेवणाचा अर्धा वेळ वाद चालतो आणि तो चालावा.

वेळांचा अंदाज देते. साडेसातला लोहगडवाडी, तासभर जातं, मुंडासं आणि कामांची वाटणी. साडेआठला चढण, पावणेदहापर्यंत दरवाज्यांत. पावणेबारापर्यंत माथा आणि पाणी. एक वाजायच्या आत खाली जेवण. दोन ते साडेतीन भिंत, मग मोडी. साडेचारला गाड्या सोडा. डिसेंबरात अंधार लवकर पडतो, आणि जुन्या मुंबई-पुणे महामार्गाच्या गर्दीत दमलेली मुलं अडकायला नकोत.

निघण्याआधी भिंती मोडून दगड शेतात होते तसे परत ठेवायचे, तेही मुलांनीच. आणि सबनिसाने शेवटची हजेरी घेऊन, मोडीतला कागद हवालदाराच्या हाती द्यायचा. आकडा सकाळइतकाच आहे हे त्याने मोठ्याने सांगितलं की मगच मी गाडीची दारं उघडते.